दोन ध्वजांखालीं

फुटबॉलच्या जागतिक चषकाचे दोन अंतिम सामने दोन निरनिराळ्या राष्ट्रांच्या वतीनें खेळलेला मनुष्य आजवर एकच होऊन गेला आहे. त्याचें नांव लुइस मोंती. ता. ३० जुलै १९३० रोजीं उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथें पहिल्या जागतिक चषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हां हा मोंती अर्जेंटिनाच्या संघांत मध्यरक्षकाच्या जागेवर उभा होता. उरुग्वेनें तो सामना चार विरुद्ध दोन गोलांनीं जिंकला. त्यानंतर पुरतीं चार वर्षेंहि लोटलीं नव्हतीं, तोंच ता. १० जून १९३४ रोजीं रोम येथें दुसऱ्या जागतिक चषकाचा अंतिम सामना सुरू झाला, आणि त्याच जागेवर तोच मोंती पुन्हां उभा राहिला. मात्र अंगांतला सदरा आतां इटलीचा होता. ह्या वेळीं त्याचा संघ विजयी झाला.

एकाच मनुष्यानें आज एका राष्ट्राच्या नांवानें आणि उद्यां दुसऱ्याच्या नांवानें मैदानांत उतरावें, ही गोष्ट आपल्याकडील क्रिकेटच्या चाहत्यांना अगदींच अपरिचित नाहीं. पतौडीचे नबाब इफ्तिखार अली खान यांनीं १९३२ सालीं सिडनी येथें इंग्लंडच्या वतीनें पहिल्याच कसोटींत शतक ठोकलें आणि १९४६ सालीं तेच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार झाले. फाळणीनंतर अब्दुल हफीझ कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद हे तिघे प्रथम भारताकडून व पुढें पाकिस्तानकडून कसोटी खेळले. परंतु क्रिकेटमध्यें अशीं नांवें बोटांवर मोजण्याइतकीं. फुटबॉलमध्यें मात्र तीं डझनांनीं सांपडतात. आणि त्यांतील बहुतेकांच्या मागें कोठें देशांतरास निघालेली आगबोट दिसते, कोठें एखाद्या सैन्याची चाल, तर कोठें रातोरात बदललेली सरहद्द.

मोंतीच्या मागें आगबोट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत लक्षावधि इटालियन माणसें दारिद्र्याला कंटाळून दक्षिण अमेरिकेंत गेलीं. ब्वेनोस आयरेस शहरांत तर इटालियन आडनांवांची इतकी दाटी झाली कीं, तेथील बोलीचा हेलहि बदलला. मोंतीचा जन्म त्याच शहरांतला, १९०१ चा. तो सान लोरेन्सो ह्या मंडळाचा आधारस्तंभ होता. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें दुसरा क्रमांक मिळविणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघांत तो होता, आणि १९३० च्या जागतिक चषकांत फ्रान्सविरुद्ध अर्जेंटिनाचा एकमेव गोल त्यानेंच केला होता. देहानें रुंद, खेळांत कठोर, प्रतिपक्षाच्या पायाची फारशी कींव न करणारा असा त्याचा लौकिक होता. १९३१ सालीं ट्युरिनच्या युव्हेंटस मंडळानें त्याला बोलाविलें, तेव्हां तो तिशींत होता व अंगानें सुटलेलाहि होता. त्याच्याकडून मेहनत करून घेण्यांत आली, आणि मग पुढील चार वर्षें ओळीनें युव्हेंटसनें इटलीचें अजिंक्यपद सोडलें नाहीं.

इटलीच्या कायद्याप्रमाणें इटालियन बापाचा मुलगा जगाच्या पाठीवर कोठेंहि जन्मला तरी इटालियनच. अशा लोकांना तेथें ‘ओरिउन्दी’ म्हणतात. मुळाकडे परत आलेले, असा त्याचा साधारण अर्थ घेतां येईल. राष्ट्रीय संघाचा सूत्रधार व्हित्तोरिओ पोत्सो यानें ह्या कायद्याचा पुरा फायदा घेतला. मोंतीशिवाय राइमुंदो ओर्सी, एन्रिके ग्वाइता व आत्तिलिओ देमारिया हे अर्जेंटिनांत जन्मलेले, आणि ब्राझीलकडून पूर्वीं खेळलेला ग्वारिसी, असे पांच जण त्यानें १९३४ च्या संघांत घेतले. टीकाकारांनीं नाकें मुरडलीं, तेव्हां पोत्सोचें उत्तर ठरलेलें असे: हीं माणसें इटलीच्या सैन्यांत भरती होण्यास कायद्यानें बांधलेलीं आहेत, जीं इटलीसाठीं मरूं शकतात, तीं इटलीसाठीं खेळूंहि शकतात. युक्तिवाद बिनतोड होता, व संघहि तसाच निघाला. उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रियाविरुद्धचा एकमेव गोल ग्वाइताचा. अंतिम सामन्यांत झेकोस्लोव्हाकियानें आघाडी घेतल्यावर, सामना संपावयास अवघीं कांहीं मिनिटें उरलीं असतां, बरोबरीचा गोल ओर्सीचा. जादा वेळांत विजयाचा गोल करणारा स्क्याव्हिओ तेवढा इटलीच्या मातींत जन्मलेला. प्रेक्षकांत मुसोलिनी स्वतः बसलेला होता. मोंतीच्या नांवावर एक उक्ति सांगितली जाते कीं, १९३० सालीं जिंकलों असतों तर प्राणास मुकलों असतों आणि १९३४ सालीं हरलों असतों तरी तेंच झालें असतें. ती शब्दशः खरी असो वा नसो, दोन्ही मैदानांवरील हवा तिच्यांत बरोबर उतरली आहे.

पण पोत्सोचा बिनतोड युक्तिवाद एका वर्षांतच त्याच्यावर उलटला. १९३५ सालीं मुसोलिनीनें इथिओपियावर स्वारीची तयारी चालविली. ग्वाइता त्या वेळीं रोमच्या मंडळाकडून खेळत होता. नुकत्याच संपलेल्या हंगामांत त्यानें २८ गोल करून साऱ्या इटलींत अग्रस्थान मिळविलें होतें. लष्कराचें बोलावणें आपल्याला येणार, असें त्याच्या व त्याच्या दोघां अर्जेंटिनी सोबत्यांच्या, स्कोपेल्ली व स्ताग्नारो यांच्या, कानांवर आलें. तिघांनीं हंगामाच्या तोंडावर रोम सोडलें आणि गुपचूप सरहद्द ओलांडून फ्रान्स गांठलें. इटलीसाठीं खेळणें त्यांना मान्य होतें, मरणें नव्हतें. इटालियन वृत्तपत्रांनीं त्यांना पळपुटे म्हटलें. दोन वर्षांनीं, १९३७ च्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेंत, हाच ग्वाइता पुन्हां अर्जेंटिनाचा सदरा घालून खेळला व विजयी संघांत सामील झाला. इटलीच्या जगज्जेतेपदांत वांटा असलेल्या ह्या खेळाडूला त्याच्या जन्मभूमीनें परत घेतांना खळखळ केल्याचें दिसत नाहीं.

ग्वाइताला निवड करतां आली. १९३८ च्या मार्च महिन्यांत हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या, तेव्हां व्हिएन्नाच्या खेळाडूंना तेवढीहि मोकळीक राहिली नाहीं. ऑस्ट्रियाचा संघ त्या सालच्या जागतिक चषकासाठीं पात्र ठरलेला होता. पण देशच नकाशावरून पुसला गेल्यामुळें त्याचें नांव काढून घेण्यांत आलें. एप्रिलच्या ३ तारखेस व्हिएन्नाच्या प्राटर मैदानावर, जुन्या ऑस्ट्रियाचा संघ व जर्मनीचा संघ यांच्यांत ‘पुनर्मीलनाचा’ म्हणून एक सामना भरविला गेला. ऑस्ट्रियानें तो दोन गोलांनीं जिंकला. एक गोल झेस्टाचा, दुसरा माटियास झिंडेलार याचा. हा झिंडेलार म्हणजे किरकोळ बांध्याचा, चेंडूशीं जणूं गुजगोष्टी करणारा खेळाडू. व्हिएन्नाच्या कॅफेंतून बसणाऱ्या लेखकमंडळींनींहि त्याचें कौतुक केलेलें होतें.

त्यानंतर जर्मनीचा शिक्षक झेप हेरबेर्गर याला वरून आज्ञा झाली कीं, संघांत दोन्हीं प्रदेशांचे खेळाडू जवळजवळ निम्मे-निम्मे असले पाहिजेत. व्हिएन्नाची शैली आंखूड पासांची, नजाकतीची. जर्मनांची धांवेची व ताकदीची. तेल आणि पाणी एका भांड्यांत घालून ढवळण्याचाच तो प्रकार होता. जूनमध्यें पॅरिस येथें स्वित्झर्लंडशीं पहिला सामना बरोबरींत सुटला. त्यांत जर्मनीच्या संघाचा कर्णधार हान्स मॉक हा ऑस्ट्रियन, आणि मैदानाबाहेर घालविला गेलेला पेसर हाहि ऑस्ट्रियनच. पांच दिवसांनीं झालेल्या फेरसामन्यांत पहिला गोल हानेमान ह्या व्हिएन्नाच्या खेळाडूचा. जर्मनी दोन गोलांनीं पुढें गेला, आणि अखेर चार विरुद्ध दोन असा हरून पहिल्याच फेरींत परत फिरला.

झिंडेलार मात्र त्या संघांत नव्हता. वयाचें व दुखापतीचें निमित्त सांगून त्यानें नकार दिला, आणि पुन्हां पुन्हां बोलावणें आलें तरी नकारच दिला. १९३९ च्या जानेवारींत तो विषारी वायूनें मेलेला आढळला. तो अपघात, आत्महत्या कीं घातपात, ह्याविषयीं तेव्हांपासून वाद चालू आहे. पुढील पिढ्यांनीं त्याला हुतात्मा केलें. तें चित्र सर्वस्वीं निर्मळ नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे: १९३८ सालीं ज्यूंची मालमत्ता बळकावली जात असतां अशाच एका ज्यू मालकाचें कॅफे ह्या झिंडेलारनें विकत घेतलें होतें. जर्मनीचा सदरा नाकारणारा मनुष्य आणि त्या राजवटीनें रस्त्यावर आणलेल्याची मिळकत घेणारा मनुष्य, एकच होता.

ह्या साऱ्या मंडळींत ज्याची कहाणी सर्वांत अवघड, तो एर्न्स्ट विलिमोव्हस्की. त्याचा जन्म १९१६ सालीं काटोविट्स शहरांत झाला. तें शहर अपर सायलेशियांत, कोळशाच्या खाणींच्या मुलखांत. आणि त्या वेळीं तो मुलूख जर्मन साम्राज्याचा भाग होता. बाप जर्मन सैनिक, तो पहिल्या महायुद्धांत कामास आला. आईनें पुढें पुनर्विवाह केला. विलिमोव्हस्की हें आडनांव सावत्र बापाचें. १९२१ सालीं ह्या मुलखांत सार्वमत घेण्यांत आलें व पुढच्या वर्षीं त्याची वांटणी होऊन काटोविट्स पोलंडच्या वांट्यास आलें. सहा वर्षांचा मुलगा एका सकाळीं जर्मन म्हणून निजून उठला तों पोलिश झाला होता. त्या मुलखांतील पुष्कळ लोक घरांत जर्मन, बाजारांत पोलिश आणि आपसांत दोहोंच्या मिश्रणाची सायलेशियन बोली बोलत. कोणीं विचारलें, तर आपण सायलेशियन, एवढेंच ते सांगत. दुर्दैव असें कीं, हें उत्तर मान्य करणारा रकाना कोणत्याहि सरकारच्या तक्त्यांत नव्हता.

मुलगा तांबूस केसांचा होता, आणि त्याच्या उजव्या पायास सहा बोटें होतीं, असें त्याच्याविषयीं आवर्जून सांगितलें जातें. प्रथम तो शहरांतील जर्मन लोकांच्या मंडळांत खेळे. १९३४ सालीं तो रुख ह्या पोलिश मंडळांत गेला, आणि त्याच वर्षीं, वयाची अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पोलंडच्या राष्ट्रीय संघांत आला. ता. ५ जून १९३८ रोजीं स्ट्रासबुर्ग येथें पोलंडची गांठ ब्राझीलशीं पडली. पोलंडचा जागतिक चषकांतील हा पहिलाच सामना. मध्यंतरास ब्राझील तीन विरुद्ध एक असें पुढें होतें. उत्तरार्धांत विलिमोव्हस्कीनें दोन गोल करून बरोबरी साधली. ब्राझीलनें पुन्हां आघाडी घेतली. सामना संपावयास एक मिनिट असतां त्यानें पुन्हां बरोबरी केली. जादा वेळांत ब्राझीलचा लिओनिदास भारी पडला, आणि विलिमोव्हस्कीच्या चौथ्या गोलानंतरहि पोलंड सहा विरुद्ध पांच असें हरलें. एका सामन्यांत चार गोल जागतिक चषकांत त्यापूर्वीं कोणींच केले नव्हते. पोलंडचा पांचवा, म्हणजे क्रमानें पहिला, गोल शेर्फके नांवाच्या खेळाडूचा होता. तोहि पोझनान शहराचा, घरचा जर्मनच. म्हणजे त्या दिवशीं पोलंडच्या नांवावर लागलेले पांचहि गोल अशा दोघांनीं केले, ज्यांना एका वर्षानंतर शत्रुपक्षांत मोजलें जावयाचें होतें.

ता. २७ ऑगस्ट १९३९ रोजीं वॉर्सा येथें पोलंडनें हंगेरीला चार विरुद्ध दोन असें हरविलें. हंगेरी म्हणजे जागतिक चषकाचा उपविजेता. त्या चारांपैकीं तीन गोल विलिमोव्हस्कीचे. पोलंडकडून २२ सामन्यांत २१ गोल, हा त्याचा हिशेब येथें थांबला. सामन्यानंतर पांचव्या दिवशीं जर्मन रणगाडे सरहद्द ओलांडून आंत आले.

अपर सायलेशिया पुन्हां जर्मन राज्याला जोडला गेला. पोलिश मंडळें बंद करण्यांत आलीं. रुख मंडळाला जर्मन नांव देण्यांत आलें. तेथील रहिवाशांना ‘जर्मन राष्ट्रीयांच्या यादींत’ नांव घालावें लागे. न घातल्यास नोकरी, घर आणि प्रसंगीं स्वातंत्र्यहि जाई. त्या मुलखांतील फार मोठ्या संख्येच्या लोकांनीं सही केली, त्यांत रुखचे अनेक खेळाडूहि होते. विलिमोव्हस्की तेथें राहिला नाहीं. तो सॅक्सनींतील केम्निट्स येथें पोलिसांच्या मंडळांत गेला, आणि पुढें म्यूनिकच्या मंडळांत. १९४१ च्या जूनमध्यें बुखारेस्ट येथें रुमानियाविरुद्ध तो प्रथम जर्मनीचा सदरा घालून उतरला, व पहिल्याच सामन्यांत त्यानें दोन गोल केले. १९४२ च्या ऑक्टोबरांत बर्न येथें स्वित्झर्लंडविरुद्ध चार. जर्मनीकडून एकंदर ८ सामने आणि १३ गोल. ज्या पायांनीं पोलंडसाठीं गोल केले, तेच हे पाय. आणि ज्या राजवटीनें पोलंडमध्यें माणसांची कत्तल चालविली होती, तिच्या चिन्हाखालीं आतां ते धांवत होते.

त्याच्या आईविषयींची हकीकत अशी सांगितली जाते कीं, एका ज्यू मनुष्याशीं संबंध ठेवल्यावरून तिला आउश्विट्सच्या छळछावणींत धाडण्यांत आलें, आणि हेर्मान ग्राफ नांवाच्या नामांकित जर्मन वैमानिकाच्या रदबदलीनें ती सुटली. हा ग्राफ स्वतः फुटबॉलचा वेडा होता व राष्ट्रीय खेळाडूंशीं त्याचा घरोबा होता. ही हकीकत ध्यानांत घेतली, म्हणजे विलिमोव्हस्कीच्या सहीचें, पलायनाचें आणि त्या तेरा गोलांचें मोल एका शब्दांत सांगून टाकण्याचा धीर होत नाहीं. पोलंडमधील नव्या सरकारला तो धीर होता. त्यानें त्याला देशद्रोही ठरविलें. त्याचें नांव खेळाच्या इतिहासांतून गाळलें जाऊं लागलें. हजारों घरें जाळलेल्या आणि लाखों माणसें गमावलेल्या राष्ट्राला तसें वाटणें अगदीं स्वाभाविक होतें, हेंहि विसरून चालावयाचें नाहीं. विलिमोव्हस्की पोलंडला परत गेलाच नाहीं. पश्चिम जर्मनींतील लहानमोठ्या मंडळांतून तो चाळिशीपर्यंत खेळत राहिला. १९९५ सालीं रुख मंडळाच्या पंचाहत्तरीचें आमंत्रण त्याला आलें. तो गेला नाहीं. १९९७ सालीं कार्ल्सरुहे येथें त्याचा अंत झाला.

त्याचा चार गोलांचा उच्चांक पुढें इतरांनींहि गांठला. पण मोडला गेला तो १९९४ सालीं, ओलेग सालेन्को ह्या खेळाडूनें रशियाच्या वतीनें कॅमेरूनविरुद्ध पांच गोल केले तेव्हां. योगायोगाची गोष्ट अशी कीं, हा सालेन्कोहि दोन राष्ट्रांचा. दोनच वर्षांपूर्वीं, १९९२ च्या एप्रिलमध्यें, स्वतंत्र युक्रेनच्या अगदीं पहिल्या सामन्यांत तो युक्रेनकडून खेळला होता.

महायुद्ध संपलें तरी सरहद्दी स्थिर झाल्या नाहींत. फक्त त्या ओलांडण्याची तऱ्हा बदलली. लाद्‌स्लाव कुबाला याचा जन्म बुडापेस्टचा, १९२७ चा. घराणें स्लोव्हाक वळणाचें. १९४६ सालीं तो ब्रातिस्लाव्हास गेला आणि झेकोस्लोव्हाकियाकडून सहा सामने खेळला. तेथेंच आपला शिक्षक दाउचिक याच्या बहिणीशीं त्यानें लग्न केलें. १९४८ सालीं तो बुडापेस्टला परतला व हंगेरीकडून तीन सामने खेळला. १९४९ च्या जानेवारींत त्यानें सैनिकाचा वेष करून, मालमोटारींत मागें बसून, सरहद्द ओलांडली व ऑस्ट्रियामार्गें इटली गांठली. हंगेरीच्या तक्रारीवरून आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेनें त्याच्यावर बंदी घातली. त्या मे महिन्यांत ट्युरिनच्या तोरीनो मंडळाबरोबर पाहुणा म्हणून लिस्बनला जाण्याचें त्याचें ठरत होतें. मुलगा आजारी पडल्यामुळें तें रहित झालें. परतीच्या वाटेवर, ४ मे रोजीं, त्या मंडळाचें विमान सुपेर्गाच्या टेकडीवर आदळून साऱ्या संघाचा अंत झाला.

मग त्यानें आपल्यासारख्याच निर्वासित खेळाडूंचा ‘हुंगारिया’ नांवाचा संघ घेऊन गांवोगांव सामने केले. स्पेनमधील अशाच दौऱ्यांत बार्सेलोना मंडळाची नजर त्याच्यावर पडली. साम्यवादी मुलखांतून पळून आलेला गुणी तरुण जनरल फ्रांको याच्या सरकारला हवाच होता. कागदपत्रांची अडचण भराभर दूर झाली. १९५३ पासून १९६१ पर्यंत तो स्पेनकडून १९ सामने खेळला व ११ गोल केले. तीन राष्ट्रांचे सदरे त्यानें घातले, आणि १९५३ च्या ऑक्टोबरांत वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध उतरलेल्या परदेशी खेळाडूंच्या निवडक संघांतहि तो होता. चार-चार अशा बरोबरींत सुटलेल्या त्या सामन्यांत दोन गोल त्याचे होते. बार्सेलोनांत त्याचा खेळ पाहण्यास इतकी गर्दी लोटूं लागली कीं, जुनें मैदान अपुरें पडलें. १९५७ सालीं तेथें नवें प्रचंड मैदान उभें राहिलें, त्याचें बरेंचसें श्रेय लोक ह्या निर्वासिताला देतात. पुढें १९६९ पासून अकरा वर्षें तो स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा शिक्षक होता. असें असून जागतिक चषकाच्या मुख्य स्पर्धेंत एकहि मिनिट खेळण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें.  

१९६२ सालीं स्पेनच्या संघाबरोबर चिलीला जाऊन दुखापतीमुळें बांकावर बसून राहिलेला दुसरा मोठा खेळाडू म्हणजे आल्फ्रेदो दि स्तेफानो. अर्जेंटिनाकडून ६ सामने, स्पेनकडून ३१. मधल्या काळांत कोलंबियाकडूनहि चार, पण कोलंबियाची व्यावसायिक मंडळें त्या वेळीं आंतरराष्ट्रीय संघटनेशीं फटकून असल्यामुळें ते हिशेबांत धरीत नाहींत. १९५६ च्या हंगेरियन उठावानंतर मायदेशीं न परतलेला फेरेंत्स पुश्काश हाहि तेथें होता. हंगेरीकडून ८५ सामन्यांत ८४ गोल केलेल्या ह्या महापुरुषाला स्पेनकडून चार सामन्यांत एकहि गोल करतां आला नाहीं. त्याच्या जोडीला उरुग्वेचा सान्तामारिया होता. एवढ्या मातबरांचा तो संघ पहिल्याच फेरींत घरीं गेला. इटलीनेंहि त्या वेळीं पुन्हां जुना मार्ग धरला होता: १९५८ सालीं ब्राझीलबरोबर जगज्जेता झालेला आल्ताफिनी, आणि अर्जेंटिनाचे सिव्होरी व माशिओ. सिव्होरी व माशिओ यांना १९५७ सालीं इटालियन मंडळांनीं नेलें म्हणून अर्जेंटिनाच्या अधिकाऱ्यांनीं पुढच्या वर्षीं जागतिक चषकास त्यांना घेतलें नव्हतें, आणि अर्जेंटिनाचा झेकोस्लोव्हाकियाकडून सहा विरुद्ध एक असा फज्जा उडाला होता. चिलीशीं सान्तियागो येथें झालेल्या सामन्यांत इटलीच्या माशिओचें नाक फुटलें, दोन इटालियन बाहेर घालविले गेले, आणि इटलीचाहि निकाल लागला.

एवढें झाल्यावर आंतरराष्ट्रीय संघटनेला जाग आली. एकदां एका राष्ट्राकडून अधिकृत सामना खेळलेल्या खेळाडूस दुसऱ्याकडून खेळतां येणार नाहीं, असा निर्बंध तिनें १९६२ नंतर घातला. व्यवहाराच्या दृष्टीनें तो आवश्यक होता, कारण श्रीमंत मंडळें खेळाडू विकत घेतच होतीं. त्यांच्या पाठोपाठ राष्ट्रेंहि घेऊं लागलीं तर राष्ट्रीय संघ ह्या शब्दाला अर्थच उरला नसता.

परंतु माणसानें राष्ट्र बदलूं नये असा नियम करतां येतो. राष्ट्रानें बदलूं नये असा करतां येत नाहीं. १९७१ च्या मार्चनंतर पूर्व पाकिस्तानांतून निसटून भारतांत आलेल्या खेळाडूंनीं ‘स्वाधीन बांगला’ नांवाचा फुटबॉल संघ उभारला. त्याचा कर्णधार झकारिया पिंटू हा पूर्वीं पाकिस्तानच्या संघांतून खेळलेला. बंगालमधील कृष्णनगर येथें जुलैमध्यें पहिला सामना झाला, तेव्हां खेळाडूंनीं आपला ध्वज प्रथम मैदानावर फडकविण्याचा आग्रह धरला. ज्या राष्ट्राला भारत सरकारनें अद्याप मान्यता दिली नव्हती, त्याचा तो ध्वज. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांची पंचाईत झाली, पण ध्वज लागला. निर्वासितांसाठीं व लढ्यासाठीं निधि जमवीत हा संघ हिंडला, व मुंबईसहि आला. तेथें महाराष्ट्राच्या संघांतून त्याच्याविरुद्ध जे उतरले, त्यांत क्रिकेटचे नामवंत कर्णधार मन्सूर अली खान पतौडी हे होते. इंग्लंड व भारत अशा दोन्ही देशांकडून खेळलेल्या नबाबांचे चिरंजीव. १९७३ सालीं क्वालालंपूर येथें बांगला देशानें आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हां कर्णधार पिंटूच होता.

१९९० नंतर युरोपांत हाच प्रकार घाऊक प्रमाणावर घडला. पूर्व जर्मनीचा शेवटचा सामना ता. १२ सप्टेंबर १९९० रोजीं ब्रसेल्स येथें झाला. बेल्जियमवर मिळविलेल्या त्या विजयांतील दोन्ही गोल माटियास झामर याचे, आणि पुढें तोच एकत्रित जर्मनीचा आधार झाला. त्याचाच सोबती उल्फ किर्स्टन पूर्व जर्मनीकडून ४९ सामने व एकत्रित जर्मनीकडून ५१ सामने खेळला. प्रोसिनेच्कीनें १९९० सालीं युगोस्लाव्हियाकडून आणि १९९८ सालीं क्रोएशियाकडून जागतिक चषकांत गोल केला. बेलग्रेडचा देयान स्तान्कोविच तर घर न सोडतां तीन जागतिक चषकांत तीन नांवांच्या राष्ट्रांतर्फे खेळला: युगोस्लाव्हिया, सर्बिया-माँटेनेग्रो आणि सर्बिया.

नव्या शतकांत आगबोटीचा ओघ उलटा फिरला. पूर्वीं ज्या युरोपांतून माणसें बाहेर जात, त्याच युरोपांत तीं येऊन राहूं लागलीं, आणि त्यांचीं तेथें जन्मलेलीं मुलें दोन घरांचीं झालीं. २०१० च्या जागतिक चषकांत बोआटेंग आडनांवाचे दोघे सावत्र भाऊ, एक जर्मनीकडून व एक घानाकडून, समोरासमोर उभे राहिले. नियमहि हळूहळू सैल होत गेला. माद्रिदजवळ मोरोक्कन घराण्यांत जन्मलेला मुनीर अल-हद्दादी १९ वर्षांचा असतां, ८ सप्टेंबर २०१४ रोजीं, मॅसिडोनियाविरुद्ध स्पेनकडून शेवटचीं तेरा-चौदा मिनिटें खेळला. स्पेननें त्याला पुन्हां बोलाविलें नाहीं, आणि तेवढ्या मिनिटांमुळें मोरोक्कोचीं दारेंहि त्याला बंद झालीं. २०१८ च्या जागतिक चषकापूर्वीं त्यानें क्रीडा-न्यायालयाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. २०२० च्या सप्टेंबरांत संघटनेनें नियमांत दुरुस्ती केली: एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तीनहून अधिक सामने न खेळलेल्या व तीन वर्षें त्या संघाबाहेर असलेल्या खेळाडूस कांहीं अटींवर दुसऱ्या राष्ट्राकडे जाण्याची मुभा मिळाली. २०२१ च्या मार्चमध्यें, त्या तेरा-चौदा मिनिटांनंतर साडेसहा वर्षांनीं, मुनीर मोरोक्कोचा सदरा घालून मैदानांत उतरला.